जत्रेतला लाकडी पाळणा

(साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे केलेले भाषण)

भात कापून झाले, झोडून झाले, दाणा घरात आला, की आपल्या या मालवणच्या किनाऱ्यावर जत्रांचे दिवस सुरू होतात. कार्तिक महिन्यापासून एकेका गावाची जत्रा लागते. देवळापुढे दिवे लागतात. खाजे आणि लाडू यांची दुकाने मांडली जातात. रात्र चढली, की दशावतारी नाटकाचा मृदंग वाजू लागतो. मसुऱ्याजवळ आंगणेवाडीला भराडी देवीची जत्रा भरते. तिला पंचांगातली ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो, आणि मुंबईतला चाकरमानी त्या दिवसाची वाट पाहत असतो. देवगड तालुक्यात कुणकेश्वरला महाशिवरात्रीची यात्रा भरते. एका बाजूला देऊळ आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, अशी ती जागा आहे.

जत्रेत गेल्यावर मोठी माणसे आधी देवाचे दर्शन घेतात. पण लहान पोर आधी काय शोधते? ते मान वर करते आणि पाळणा शोधते. पाळणा दिसला, की आईचा पदर ओढू लागते. हो की नाही?

आज आम्ही तुम्हांला त्या पाळण्याविषयी सांगणार आहोत. दिव्यांनी झगमगणारा, विजेवर फिरणारा लोखंडी पाळणा तुम्ही पाहिलाच आहे. आम्ही सांगणार आहोत तो त्याच्या आजोबांविषयी. चार पेट्यांचा, लाकडी, माणसाने हाताने फिरवायचा पाळणा. आता तो क्वचितच दिसतो. तुमच्यांतल्या वयस्क मंडळींनी तो पाहिला असेल, त्यात बसलाही असाल. तरुण मंडळींना तो ठाऊकही नसेल.

तुम्ही म्हणाल, पाळणा ही पोरांची गंमत. त्यात शिकण्यासारखे काय आहे? पुष्कळ आहे. त्यात बेरीज आहे, वजाबाकी आहे, आणि माणसाच्या जिवाची जबाबदारीही आहे. ऐका तर.

पाळणा कसा बांधतात

आधी दोन बाजूंना दोन मजबूत आधार उभे करतात. कुठे एकेक जाड खांब जमिनीत पुरतात. कुठे दोन-दोन वासे वर एकत्र बांधून खाली फाकवतात, म्हणजे ते तिकाटण्यासारखे घट्ट उभे राहतात. मग चारी दिशांना दोर ताणून खुंट्यांना बांधतात. जमीन कातळाची असेल तर खड्डा पडत नाही. वाळूची असेल तर खांब खचतो. म्हणून वाळूवर खांबाखाली रुंद फळ्या घालाव्या लागतात. आपल्या किनाऱ्यावर या दोन्ही अडचणी आहेत.

या दोन आधारांवर आडवा टाकतात तो आस. बैलगाडीच्या दोन चाकांमधून जातो, तसाच हा आस. तो लोखंडाचा असतो किंवा घट्ट लाकडाचा असतो. त्यावर दोन्ही बाजूंना लाकडी आरे बसवतात. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. समोरून पाहिले तर अधिक या खुणेसारखा आकार दिसतो. समोरासमोरच्या दोन आऱ्यांच्या टोकांमध्ये एकेक पेटी टांगतात. पेटी म्हणजे बसायची जागा. तिला फळीचे बूड, पाठीला आधार आणि पुढे आडवी दांडी. ही पेटी ज्या लोखंडी दांड्यावर झुलते, त्याला आम्ही खीळ म्हणतो. खीळ हातभर लांबीचीही नसते. पण तिची गोष्ट मोठी आहे. ती पुढे सांगू.

सुतार लाकूड घडवतो, लोहार खीळ घडवतो, आणि पाळणेवाला सगळे जोडतो. आसाला आणि खिळींना ओंगण द्यावे लागते. गाडीला ओंगण दिले नाही, तर ती करकरते आणि बैल दमतो. पाळण्याला दिले नाही, तर माणूस दमतो.

पेटी वर जाते, तरी उलटी का होत नाही, असा प्रश्न पोरे विचारतात. तुम्ही रात्री हातात कंदील घेऊन चालता. हात पुढे गेला, मागे गेला, वर गेला, तरी कंदील सरळ लोंबतो. कारण वर कडीला तो मोकळा टांगलेला असतो आणि त्याचे वजन कडीच्या खाली असते. पेटीचेही तसेच. खीळ वर, माणसांचे वजन खाली. म्हणून आरा कसाही फिरला, तरी पेटीचे बूड खालीच राहते. पण पेटीत कोणी उभा राहिला, तर वजन वर सरकते. मग पेटी डगमगते. उभे राहू नका, असे पाळणेवाला ओरडतो, ते उगीच नाही.

बेरीज आणि वजाबाकी

आता मुख्य गोष्ट. चार पेट्यांत आठ माणसे बसली. एकेक माणूस सरासरी ५० किलो धरा. आठ पन्नास चारशे. ४०० किलोंचा भार झाला. पाळण्याचे लाकूड आणि लोखंड वेगळेच. एवढा भार एकटा माणूस कसा फिरवतो? त्याच्या अंगात काय राक्षसाचे बळ असते? नाही. तो आपल्यासारखाच असतो, बहुधा आपल्याहून किडकिडीत.

किल्ल्यावर जाण्यासाठी तुम्ही मालवणच्या धक्क्यावरून होडीत चढता. तेव्हा तांडेल काय सांगतो? सगळे एका बाजूला बसू नका, असे सांगतो. चार इकडे, चार तिकडे. लहान होडीला तर एका अंगाला उलांडी बांधतात. कशासाठी? होडी कलंडू नये, तोल राहावा यासाठी. पाळण्यातही तेच गणित आहे.

चार पेट्यांना आपण क्रमांक देऊ. १ आणि ३ या समोरासमोर. २ आणि ४ या समोरासमोर. समजा, पहिल्या पेटीत १२० किलोंची दोन माणसे बसली आणि तिसरी पेटी रिकामी आहे. मग पहिली पेटी तळाला जाऊन बसेल. ती वर न्यायची, तर पूर्ण १२० किलो उचलावे लागतील. एकट्याचे ते काम नाही. आता तिसऱ्या पेटीत १०० किलोंची माणसे बसवा. १२० मधून १०० गेले. उरले किती? २०. आता पाळणेवाल्याला फक्त २० किलोंचा फरक सांभाळायचा आहे. बाकीचे शंभर शंभराने तोलून धरले.

पाहा मंडळी, केवढी युक्ती आहे! पाळणेवाला वजनांची बेरीज उचलत नाही. तो वजाबाकी उचलतो.

म्हणून जुना पाळणेवाला माणसे बसवताना फार चोखंदळ असे. रांगेत पहिला आला तो पहिला बसला, असे नाही. तो रांगेवरून नजर फिरवी. जाड गृहस्थ असेल, तर त्याच्या समोरच्या पेटीत तशाच वजनाची मंडळी बसवी. पोरे असतील, तर समोर पोरे. आधी एक पेटी भरी, मग पाळणा अर्धा फिरवून तिच्या समोरची भरी. मग पाव फेरा फिरवून तिसरी, आणि पुन्हा अर्धा फिरवून चौथी. उतरवतानाही तोच क्रम. त्याला शाळा माहीत नव्हती. पण त्याच्या डोळ्यांत तराजू होता.

एकदा तोल साधला, की राहते ते घासण्याचे काम. आस आपल्या बैठकीत घासतो, त्याला जोर लावावा लागतो. तिथे दुसरी युक्ती आहे. आमच्या भगिनींना ती रोजची ठाऊक होती. जात्याचा खुंटा कुठे असतो? मधोमध असतो का? नाही, कडेला असतो. कडेला धरले, की जड पाळे हलके फिरते. पाळणेवालाही आसाजवळ हात लावत नाही. तो आऱ्याच्या टोकाशी, खाली येणारी पेटी धरून ओढतो. आसाच्या मध्यापासून त्याच्या कडेपर्यंत १ इंच आहे, आणि पेटी मध्यापासून ७ फुटांवर आहे, असे समजा. ७ फूट म्हणजे ८४ इंच. म्हणजे आसाच्या घासण्याशी झगडताना त्याच्या हाताला ८४ पट फायदा मिळतो.

तिसरी युक्ती वेळेची. रापण ओढताना सगळे एका ठेक्यात ओढतात. एकाने आत्ता, दुसऱ्याने मागाहून, असे केले तर जाळे येत नाही. पाळणेवालाही पेटी समोर आली, की तेवढाच एक हिसका देतो. मग सोडतो. पुढची आली, की पुन्हा एक हिसका. सुरुवातीला जड जाते. एकदा गती आली, की पाळणा आपला आपण धावतो.

वर्गातल्या मंडळींनी वहीत एक हिशेब करावा. आरा ७ फूट, म्हणजे पाळण्याचा व्यास १४ फूट. परीघ काढायचा, तर व्यासाला २२ ने गुणावे आणि ७ ने भागावे. उत्तर ४४ फूट. म्हणजे एका फेऱ्यात पोर ४४ फूट फिरून येते. २० फेरे झाले, तर ८८० फूट. एवढा प्रवास करून ते उतरते कुठे? जिथे चढले तिथेच! आणि तरी त्याचे तोंड पाहा, जणू काशीला जाऊन आले.

खाली येताना पोटात गोळा का येतो? वर जाताना पेटी आपल्याला खालून ढकलते. माथ्यावरून खाली येऊ लागली, की ती आपल्या खालून निसटू पाहते. क्षणभर आपले वजन कमी झाल्यासारखे वाटते. भीती आणि हसू दोन्ही एकदम येतात. "माका भिया वाटता," म्हणून रडणारे पोर उतरल्यावर पुन्हा एकदा बसायचे म्हणते.

पाळण्याचा जुना इतिहास

हा पाळणा प्रथम कोणी केला? एका माणसाचे नाव त्यावर नाही. आपल्या विहिरीवरचा रहाट आठवा. चाकाला गाडगी बांधलेली, भरलेली वर येतात, रिकामी खाली जातात. गाडग्यांच्या जागी माणसे बसवली, की पाळणा झाला.

सुमारे चारशे वर्षांपूर्वीच्या प्रवाशांनी असे पाळणे पाहून लिहून ठेवले आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी होता. त्याने १६१५ साली तुर्कांच्या राजधानीत, म्हणजे आजच्या इस्तंबूल शहरात, सणाच्या वेळी असा पाळणा पाहिला आणि तो त्यात बसलाही. पीटर मंडी नावाच्या इंग्रजाने १६२० साली आजच्या बल्गेरिया देशातल्या प्लोव्दिव्ह गावी असे खेळ पाहिले आणि त्यांचे वर्णन केले. हा मंडी पुढे १६२८ साली आपल्या देशात सुरतेला आला होता. या दोघांनी लिहिले, म्हणून आज आपल्याला हे कळते. ज्यांनी ते पाळणे बांधले आणि फिरवले, त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत.

पुढे अमेरिकेत एक मोठी गोष्ट घडली. १८९३ साली शिकागो शहरात जगाचे प्रदर्शन भरले होते. त्याच वर्षी, त्याच शहरात, स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्म परिषदेत भाषण केले, हे तुम्ही ऐकले असेल. त्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनिअराने एक प्रचंड पाळणा उभारला. त्याच्या चार वर्षे आधी, १८८९ साली, पॅरिसला आयफेल मनोरा झाला होता. त्याच्या तोडीचे काहीतरी अमेरिकेला करून दाखवायचे होते.

फेरिसचा पाळणा २६४ फूट उंच होता. त्याला ३६ डबे होते. एकेका डब्यात ६० माणसे मावत. ३६ गुणिले ६० करा. २१६० माणसे! आपल्याकडचे एक अख्खे गावच वर चढले म्हणा. त्याचा आस सुमारे ४५ फूट लांब होता आणि त्याचे वजन ४० टनांहून अधिक होते. वाफेच्या इंजिनाने तो फिरे. पहिल्या फेरीत तो सहा वेळा थांबे. तेवढ्यात सगळे डबे भरून घेत. मग दुसरी फेरी न थांबता. लोकांना वाटे, हा कोसळणार. तो कोसळला नाही. पण फेरिसचे नशीब कोसळले. पैशाचे तंटे लागले. १८९६ साली, अवघ्या ३७ व्या वर्षी तो वारला. पाळणा दोनदा जागा बदलून शेवटी १९०६ साली सुरुंगाने पाडण्यात आला. आजही इंग्रजीत अशा पाळण्याला फेरिसचेच नाव आहे.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रिया देशातल्या व्हिएन्ना शहराची. तिथे १८९७ साली बांधलेला मोठा पाळणा आजही फिरतो. त्याची उंची सुमारे ६५ मीटर आहे. पहिल्याने त्याला ३० डबे होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, तो आगीत सापडला. १९४७ साली दुरुस्त करून पुन्हा सुरू केला, तेव्हा त्याला ३० नव्हे, १५ च डबे लावले. का? आगीतून निघालेल्या सांगाड्यावर पूर्वीइतका भार टाकणे बरे नव्हे, असे तिथल्या लोकांना वाटले. डबे निम्मे केले, म्हणून तो पाळणा टिकला. मोठ्या शहाणपणाची गोष्ट आहे ही.

त्यानंतर पाळणे उंच उंच होत गेले. लंडनला २००० साली सुरू झालेला पाळणा १३५ मीटर उंच आहे. दुबईला २०२१ साली सुरू झालेला २५० मीटर उंच आहे. पण उंची किती का असेना, आतले गणित तेच. समोरासमोर तोल, मध्ये आस, आणि टोकाला बसायची जागा.

खीळ बोलते

आता खिळीची गोष्ट. कैकेयीची कथा तुम्ही ऐकली आहे. दशरथ राजा युद्धात होता. रथाच्या चाकाची खीळ निसटली. कैकेयीने तिथे आपले बोट घातले आणि रथ सावरला. एवढा मोठा रथ, एवढा मोठा राजा, आणि सगळा भार एका खिळीवर!

आम्ही वर सांगितले, की पाळणेवाला वजाबाकी उचलतो. मग बेरीज कोण उचलतो? बेरीज उचलतो तो आस आणि उचलतात त्या खिळी. माणसांचा भार तोलला गेला, तरी तो नाहीसा होत नाही. तो लोखंडावर असतोच. आणि आपल्याकडचा वारा खारा. लोखंडाला तो आतून खातो. वरून रंग चकचकीत दिसतो आणि आत गंज चढलेला असतो.

आमच्या लहानपणी आम्ही दोघे भावंडे आईबरोबर याच किनाऱ्यावरच्या एका गावी जत्रेला गेलो होतो. तिथे असा लाकडी पाळणा आला होता. पाळणेवाला घाटावरचा होता. वय झालेले, अंगात बंडी, डोक्याला मुंडासे. त्याची बायको पैसे घेई, मुलगा दोर सांभाळी. जत्रा एका रात्रीची. त्या रात्री जे मिळेल, ते मिळेल.

आम्ही पेटीत बसलो. पाचसहा फेरे झाले असतील. आमची पेटी खाली आली, तेव्हा वर कुठेतरी 'टक' असा आवाज झाला. पुढच्या फेऱ्याला पुन्हा 'टक'. आम्हांला त्याचे काही वाटले नाही. मृदंग वाजत होता, लोक बोलत होते. पण त्या म्हाताऱ्याने ऐकले. त्याने पेटीला खांदा लावून पाळणा थांबवला. आधी आम्हांला उतरवले. मग अर्धा फेरा फिरवून समोरच्यांना. मग बाकीच्या दोन पेट्या. घाई नाही, ओरडा नाही.

रांगेतली माणसे चिडली. एक गृहस्थ म्हणाले, "आवाज काय आमका खाता? फिरव तू!"

म्हातारा म्हणाला, "मालक, आवाज आला म्हंजे खीळ बोलली. आता तिचं ऐकाया पायजे."

त्याने आमच्या पेटीची खीळ काढली आणि कंदिलापाशी धरली. एका जागी ती झिजून निम्मी झाली होती. गंजाचा भुगा त्याच्या बोटांना लागला. बदली खीळ त्याच्याजवळ नव्हती. रात्री लोहाराचा भाता कुठला पेटायला? तीन पेट्यांवर फिरवावे, तर तोल राहत नाही. त्याने मुलाला सांगितले, "दोर सोड." आणि बायकोला सांगितले, "पैसं परत दे."

त्याची बायको एकेकाला पैसे परत करू लागली. लोक घेत होते. तिने आमच्या आईपुढे हात केला. आईने पैसे घेतले नाहीत. ती काही बोललीही नाही. आम्हां दोघांचे हात तिने घट्ट धरले होते, ते घरी येईपर्यंत सोडले नाहीत.

त्या वेळी आम्हांला वाईट वाटले ते आमचे फेरे बुडाले म्हणून. त्या माणसाची वर्षातली एक कमाईची रात्र बुडाली, हे कळायला पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली.

आताचे पाळणे

आता विजेचे पाळणे आले. आम्ही त्यांना नावे ठेवत नाही. ते उंच आहेत, त्यांत जास्त माणसे बसतात, आणि कोणा म्हाताऱ्याला खांदा लावून ते फिरवावे लागत नाहीत. माणसाचे कष्ट कमी झाले, हे चांगलेच झाले. काही जत्रांत मोठ्या पाळण्याच्या सांगाड्यावर तरुण पोरे चढत, वरच्या दांड्याला लोंबकळत आणि आपल्या अंगाच्या वजनाने पाळणा फिरवत. ते पाहून छाती धडधडे. असे काम कोणाच्या वाट्याला येऊ नये.

पण एक गोष्ट ध्यानात धरा. हाताच्या पाळण्यात तोल बिघडला, तर तो माणसाच्या हाताला लगेच कळे. हात सांगे, इकडे भार जास्त झाला. मोटरला ते कळत नाही. ती फरक मुकाट्याने ओढत राहते. हाताच्या पाळण्यात खीळ बोलली, तर कानाला ऐकू येई. आता कर्ण्याच्या आवाजात खीळ बोलली, तरी ऐकणार कोण? पोर ओरडले, तर म्हातारा थांबे. मोटर हाक ऐकत नाही. कळ दाबणारा माणूस ऐकेल, तरच ती थांबते.

म्हणजे यंत्र बदलले, तरी माणसाचे काम संपलेले नाही. त्या म्हाताऱ्याचे डोळे आणि कान आता चालवणाऱ्याला हवेत, आणि आपल्यालाही हवेत.

म्हणून पाळण्यात बसण्यापूर्वी एवढे करा. पहिली गोष्ट, पाच मिनिटे नुसते उभे राहून पाहा. पाळणा फिरताना खालचा सांगाडा हलतो का, खाली फळ्या आहेत का, ते पाहा. दुसरी गोष्ट, चालवणारा माणसे कशी बसवतो ते पाहा. एकाच बाजूच्या पेट्या भरत असेल, तर बसू नका. तिसरी गोष्ट, पेटीची आडवी दांडी किंवा साखळी नीट अडकते का, ते स्वतः हात लावून पाहा. चौथी गोष्ट, पदर खोचा, ओढणी बांधा, केस बांधा. पाचवी गोष्ट, पेटीत उभे राहू नका, झोके घेऊ नका, आणि पाळणा पुरता थांबल्याशिवाय उतरू नका.

आणि सहावी गोष्ट खास तुमच्यासाठी. तिथे पाटी लावलेली असेल, तर ती वाचा. एका पेटीत किती माणसे बसावी, किती लहान मुलाला बसवू नये, हे त्यावर लिहिलेले असते. काल तुम्हांला ती वाचता येत नव्हती. आज येते. पेटीत चार जणांची जागा आहे असे पाटीवर असेल आणि तो सहा जणांना कोंबत असेल, तर बोट दाखवून सांगा, "इथे चार लिहिले आहे." पाटी नसेल, तर विचारा, पाटी का नाही? विचारण्यात लाज कसली? त्या म्हाताऱ्याने एका रात्रीची कमाई सोडली. आपल्याला तर फक्त एक प्रश्न विचारायचा आहे.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरी, शेजारी कोणी वृद्ध मंडळी असतील, त्यांना या पाळण्याविषयी विचारा. तुमच्या गावच्या जत्रेत तो येत असे का? कुठे उभा राहत असे? त्याच्या भागांना तुमच्याकडे काय म्हणत? ते सांगतील, ते वहीत लिहून ठेवा. दोन प्रवाशांनी लिहिले, म्हणून चारशे वर्षांपूर्वीचा पाळणा आपल्याला कळला. आपल्या किनाऱ्यावरचा पाळणा कोणी लिहिणार असेल, तर तो तुम्हीच. तुम्हांला आता अक्षर येते.

आज घरी गेल्यावर हे पाच शब्द पाच वेळा लिहा: खांब, आस, आरा, पेटी, खीळ.

जत्रेला जा, देवाला हात जोडा, पोरांना खाजे घेऊन द्या. पाळण्यातही जरूर बसा. फक्त बसण्यापूर्वी थोडे थांबून ऐका.